कडेचं दिसणं

शेणव्याच्या गोजाबाईंचा उजवा डोळा मधुमेहाने गेला होता. डाव्या डोळ्याच्या पडद्यावरही रक्त उतरू लागलं, तेव्हा लेक पौर्णिमा त्यांना शहापूरला डॉक्टरांकडे घेऊन गेली.

"नव्या लेझरने फारसं दुखत नाही, पण कदाचित पुन्हा करावं लागेल," डॉक्टर म्हणाले. "जुन्याने दुखेल, कडेचं दिसणंही कमी होईल. पण रक्त थांबायची शक्यता जास्त."

पौर्णिमाला नवा लेझर बरा वाटत होता.

"कडेचं जाऊदे गो," गोजाबाई म्हणाल्या. "तुजं तोंड दिसलं पायजे."

रक्त थांबलं आणि समोरचं दिसत राहिलं. पण बांधावरून जाताना पाय चुकू लागला. आता पौर्णिमा न विचारता आईचा हात धरते, आणि एरवी कुणाचा आधार न घेणाऱ्या गोजाबाई तो सोडवून घेत नाहीत.