नुसते ऐंशी

भीमाबाईचा उजवा गुडघा दिवाळीपासून सुजला होता आणि डोक्यावर घमेले घेऊन परांची चढणे आता तिच्या हिशेबात बसत नव्हते. भिलाईच्या पोलाद कारखान्यातली पहिली भट्टी अजून पेटायची होती. साहेब लोक सोडले तर बसून करायचे काम कोणाजवळच नव्हते. एकच जागा होती, घमेल्यांच्या गोदामाचे दार. सकाळी घमेली द्यायची, पाचच्या भोंग्याला परत घ्यायची, मधल्या वेळात पाय लांब करायचा. ती मिळाली नाही तर महिनाअखेर हजेरीतून नाव खोडावे लागेल, हे मुकादमाने तिला चहा पिता पिता, अगदी मायेने सांगितले होते.

जागेची अट एवढीच की शंभरपर्यंत मोजता यावे. आणि ते कोणाला येते हे ठरवणार होते मारोतराव.

मारोतराव टाइम ऑफिसातले क्लार्क, गाव काटोल. दुपारच्या सुटीत टिनाच्या शेडखाली ते मजुरांना अंकज्ञान देत. त्यांना तीसपर्यंतचे पाढे, वर पावकी, निमकी, दिडकी पाठ होती आणि हे समोरच्याला कळल्याशिवाय ते त्याचा नमस्कारही घेत नसत. शिकवण्याची रीत अशी की आधी ते ओरडत, मग सगळे ओरडत. आकडे तोंडातून निघून टिनावर आपटत आणि विरून जात. वाटेत कोणाचे डोके लागत नसे. भीमाबाईने पहिल्याच दिवशी माणूस जोखून ठेवला होता. पायली मोठी, आत कोंडा.

परीक्षेला टिकाराम आधी उठला. हा चरोद्याहून येई आणि भजनात झांज वाजवी. त्याने एक ते शंभर चालीत म्हटले, शंभरावर मान हलवून समही गाठली. मारोतरावांनी डोळे मिटून दाद दिली.

भीमाबाई अठ्ठ्याहत्तरला थांबली.

“एकोणऐंशी, मंग?” मारोतराव म्हणाले.

“कायचे, मास्तर?”

“कायचे म्हंजे?”

“घमेले का इटा?”

“कायचेच नाई. नुसते एकोणऐंशी. मंग नुसते ऐंशी.”

भीमाबाईने ऐंशी विटा पाहिल्या होत्या. इथल्या बाया वीस-वीसच्या कोरीने मोजत, तशा त्या चार कोऱ्या भरत, आणि मानेला किती जड लागतात हेही तिला ठाऊक होते. “नुसते ऐंशी तं मी कई पाह्यले नाई,” ती म्हणाली, आणि खरेच कुठे दिसतात का म्हणून शेडभर नजर फिरवली.

या लोकांना मेंदू देताना देवाने काटकसर केली, असे काहीतरी मारोतराव शेजाऱ्याला म्हणाले आणि तिच्या नावापुढे त्यांनी नापास लिहिले.

टिकाराम दारावर बसला. गेली एकशेबारा घमेली. संध्याकाळी त्याने चालीत मोजली तर आली एकशेएकोणीस. घमेल्यांना गोदामाबाहेर पिल्ले होत नाहीत, एवढे मारोतरावांच्या लक्षात यायला दोन दिवस लागले. टिकारामची जीभ हाताच्या पुढे धावत होती. ओरडा बसल्यावर त्याने शहाणपण केले आणि रोज न मोजता एकशेबारा सांगू लागला. त्यातली पाच घमेली खुर्सीपारच्या बाजूला खड्ड्यात सापडली, तीही इंजिनिअर साहेबांना. साहेबांनी मारोतरावांना सांगितले की आता माणूस शोधा, नाहीतर दारावर स्वतः बसा.

दुसऱ्या दिवशी मारोतराव पाण्याच्या रांजणापाशी भीमाबाईला गाठून म्हणाले की आपण तिला एक संधी देत आहोत. त्यांच्या आवाजात उपकार काठोकाठ होता. महिना संपायला तीन दिवस होते, म्हणून भीमाबाईने तोही पदरात घेतला.

तिने दाराशी रिकामा डबा ठेवला. घमेले नेणारीने आपला खूण केलेला खडा आत टाकायचा, आणल्यावर तोच उचलायचा. भोंगा झाला, बाया गेल्या, डब्यात एकही खडा नव्हता. मारोतराव रजिस्टर घेऊन आले.

“किती आले?”

“जेवढे गेले तेवढे.”

“आकडा सांग.”

“तेवढेच आले म्हटल्यावर आकडा कायले लागते?”

रजिस्टरला लागतो, असे म्हणून ते स्वतः मोजायला लागले. त्रेसष्टला साहेबांची जीप दिसली. उभे राहून सलाम केला आणि आकडा हातचा गेला. परत सुरुवात केली. जीप परत आली, परत सलाम. तोवर भीमाबाईने बसल्या जागेवरून वीस-वीसच्या थप्प्या लावल्या होत्या. पाच कोऱ्या अन् वर बारा, ती म्हणाली. मारोतरावांनी एकशेबारा लिहिले, आणि खाली वळणदार अक्षरात लिहिले की खड्यांची ही पद्धत अंकज्ञान वर्गाचे फळ होय.

मग पास-नापासचा कागद काढला. शंभरपर्यंत म्हणता येत नाही तरी तिला पास करतो, असे त्यांनी दोनदा ऐकवले.

“चाल, तुले ऐंशी मार्क देतो.”

भीमाबाईने दुखरा पाय दाराच्या उंबऱ्यावर हळूच लांब केला.

“कायचे, मास्तर?”

मारोतरावांनी टाक उचलला, शाईत बुडवला आणि तसाच धरून बसले.