स्क्रीन काळी झाली की

सरलाबाईंच्या कॉम्प्युटरला फिट येते, हे शाळेत सगळ्यांना माहीत होतं. ती केव्हा येते, हे मात्र एकट्या सरलाबाईंना कळलं होतं, आणि त्यांनी ते कोणाला सांगितलं नव्हतं.

शाळा तलासरीहून वेवजीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून. अनुदानित, म्हणजे पगार सरकारचा आणि पत्रे संस्थेचे. सरलाबाई तिथे लिपिक. नवरा सायवनच्या शाळेत शिक्षक; बदलीच्या धोरणाने दोघांना दोन तालुके वाटून दिले होते, त्यामुळे संसार रविवारचा. बाकीचे दिवस सरलाबाई आणि त्यांची मुलगी सोनल तलासरीत भाड्याच्या खोलीत राहत आणि सकाळी एकाच रिक्षेने शाळेत येत. आई कार्यालयात बसे, मुलगी पलीकडे आठवीच्या वर्गात. मधे एक भिंत.

गोष्ट त्या भिंतीचीच आहे. या भागातली जमीन गेली काही वर्षं अधूनमधून हलते. आधी खालून गुरगुर ऐकू येते, ट्रक रस्त्यावरून न जाता जमिनीच्या आतून चालल्यासारखी, मग पत्रे वाजतात, आणि मग माणसं अंगणात उभी राहून एकमेकांना विचारतात, हा केवढ्याचा होता. बाजारात कोणी पापलेटचा भाव विचारावा, त्याच सुरात. अशाच एका धक्क्यात कार्यालय आणि आठवीच्या मधल्या भिंतीला वरपासून खालपर्यंत चीर गेली. मग इंजिनिअर आले. त्यांनी चिरेवर आडवी काचेची पट्टी चिकटवली. चीर वाढली तर काच तडकेल, म्हणजे आपल्याला कळेल, असं त्यांनी समजावलं. काच तडकली. त्यांना कळलं. त्यांनी येऊन नवी काच चिकटवली.

सोनलचा बाक त्या भिंतीला टेकून होता. उंचीप्रमाणे बसवलेलं होतं, आणि सोनल उंच होती. बाक बदलून मागायला सरलाबाई एकदा गेल्याही होत्या. तेव्हा दशरथ सरांनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, अतिशय सौम्यपणे विचारलं की मग तिथे कोणाची मुलगी बसवू. त्यावर सरलाबाई परत येऊन आपल्या खुर्चीवर बसल्या.

कॉम्प्युटर ऑल-इन-वन होता. स्क्रीनच्या पाठीतच सगळा संसार, वेगळा डबा नाही. एका कंपनीने समारंभ करून दिलेला. दिवाळीनंतर तो मधेच बंद पडायला लागला. एकदा असाच काळा झाला, आणि सरलाबाईंनी त्याला नावं ठेवायला तोंड उघडलं तोच खालून गुरगुर आली. पुढच्या वेळी तसंच. त्याच्या पुढच्या वेळी मात्र स्क्रीन काळी होताच त्या उठल्या, बाहेरून वळसा घालून आठवीच्या दारात पोचल्या, आणि धक्का आला तेव्हा सोनल त्यांच्याबरोबर व्हरांड्याची पायरी उतरत होती.

त्या दिवसापासून एक डोळा की-बोर्डवर आणि एक स्क्रीनच्या जिवंतपणावर, असं सरलाबाईंचं काम सुरू झालं. ती काळी झाली की त्या उठत. सोनल, डबा विसरलीस. सोनल, खोलीची किल्ली दे. सोनल, आधारच्या फॉर्मवर सही राहिली. हायवेला जाणारा भरलेला डंपर शाळेसमोरच्या खड्ड्यात आदळला तरी स्क्रीन काळी होई, त्यामुळे सोनलला डंपरसाठीही बरेचदा बाहेर यावं लागे. शेवटी वर्गशिक्षिकेने सरलाबाईंना बाजूला घेऊन हळू आवाजात विचारलं, मुलीला काही त्रास आहे का, डहाणूला चांगल्या डॉक्टरीणबाई आहेत.

घंटा वाजवावी, असं सरलाबाईंच्या मनात येत नव्हतं असं नाही. घंटा कार्यालयाच्या दारातच होती. पण घंटा वाजवली आणि डंपर निघाला, तर मेमो. कारण सांगितलं, तर आधी हसतील आणि मग कॉम्प्युटर दुरुस्त करतील. म्हणून त्या फक्त आपल्या सोनलला घेऊन येत. बाकीची मुलं आपापली पळतात, असं त्या मनाशी म्हणत. पळतही. मागे अशाच एका पळापळीत दारात चेंगरून सोनलचा हात मोडला होता, तेव्हा सरलाबाईंनी तिला बजावून ठेवलं होतं, की त्या गर्दीत तू घुसायचं नाही, मी आले की निघायचं, मी आल्याशिवाय उठायचं नाही. हे सांगताना त्यांना स्वतःच्या दूरदृष्टीचं थोडं कौतुकही वाटलं होतं.

पण सरकारी पोर्टलला दूरदृष्टी नसते. हजेरी भरता भरता कॉम्प्युटर बंद पडे, भरलेलं पुसलं जाई, आणि वरून फोन येई. सरलाबाईंनी शक्य तितके दिवस ढकलले. आधी व्होल्टेजचं कारण दिलं, मग व्हायरसचं, मग उंदरांचं. उंदरांवर दशरथ सरांचा विश्वास बसला, पिंजरे आले, उंदीरही सापडले, कॉम्प्युटर बंद पडतच राहिला. अखेर सरांनी डहाणू रोडच्या दर्शनला बोलावलं.

दर्शन पाठीवर सॅक टाकून मोटरसायकलवरून आला. चाळिशीचा, मराठीत मधेच गुजराती उतरणारा. त्याने दारात थांबून आधी भिंतीकडे पाहिलं, मग चिरेवरच्या काचेकडे, मग दारापर्यंतचं अंतर नजरेने मोजलं. डहाणूची माणसं इकडे आली की असंच करतात.

कॉम्प्युटर चालू केला. तो उत्तम चालला. केव्हा बंद पडतो म्हणून विचारल्यावर सरलाबाई म्हणाल्या, असाच, कधीही. दर्शनने अडॅप्टरला मीटर लावला, करंट बरोबर. आपला अडॅप्टर लावून पाहिला. काही फरक नाही. पाठ उघडून रॅम काढली, तिचे पितळी दात खोडरबराने घासले, पंख्यातली धूळ ब्रशने झाडली, पुन्हा बसवलं. कॉम्प्युटर चालतच होता. दशरथ सरांचा चेहरा पडला आणि सरलाबाईंच्या जिवात जीव आला. आता हा चहा पिईल आणि जाईल.

दर्शनने चहा घेतला, कप ठेवला आणि सहज टेबलावर मूठ आपटली.

स्क्रीन काळी झाली. सरलाबाई ताडकन उठल्या आणि दारापर्यंत पोचल्या. मग मूठ आठवली आणि परत फिरल्या. सर त्यांच्याकडे पाहत राहिले. दर्शनही पाहत होता, पण वेगळ्या नजरेने.

लूज कॉन्टॅक्ट, तो म्हणाला. आत कुठेतरी टाका सुटलाय, स्क्रीन काढावी लागेल. सर निश्चिंत होऊन तासावर गेले. दर्शनने अडॅप्टरची पिन ओढून काढली, टेबलावर सोलापुरी चादर पसरली आणि कॉम्प्युटर तिच्यावर आडवा केला. जुन्या एटीएम कार्डाचा तुकडा कडेच्या फटीत सरकवत तो एकेक खिट्टी सोडवू लागला. टक. टक. इतके दिवस त्या स्क्रीन काळी होण्याला भीत आल्या होत्या. आता ती काळीच होती, आणि तिच्यातून काही म्हणजे काही कळत नव्हतं. भिंतीपलीकडून आठवीचा आवाज येत होता, सगळे मिळून कसल्यातरी व्याख्या म्हणत होते. त्यातला सोनलचा आवाज वेगळा काढता येतो का, हे त्या कान देऊन पाहू लागल्या.

किती वेळ लागेल, त्यांनी विचारलं. तासभर, दर्शन म्हणाला. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा विचारलं. मग तिसऱ्यांदा विचारायच्या ऐवजी त्या म्हणाल्या, "दर्शनभाऊ, तसाच जोडून ठेवा ना. दुरुस्त होत नाही म्हणून सांगा."

"होतोय ना पण, सरलाबेन. सोल्डरचं तर काम आहे."

मग त्यांनी सांगितलं. सगळं, एका दमात, खाली बघून. दर्शन हसेल अशी त्यांची तयारी होती. तो हसला नाही, उलट त्याचे हात थांबले. त्याने पुन्हा एकदा दाराकडे पाहिलं.

"खोटं नाही ते," तो म्हणाला. "मोठा हलायच्या आधी एक बारीक येतो. आपल्याला नाही कळत. याच्या सुटलेल्या टाक्याला कळत असणार." मग म्हणाला, "पण बेन, मग तुम्ही घंटा का नाय वाजवत?"

सरलाबाईंनी डंपरचं सांगायला सुरुवात केली, मेमोचं सांगितलं, आणि वाक्य अर्धं टाकून त्या भिंतीकडे पाहू लागल्या. पलीकडे व्याख्या चालूच होत्या. दर्शनने काचेला चिकटणारी रबरी पकड स्क्रीनला लावली, दोन्ही हातांनी ती अलगद वर उचलली, आणि तेवढ्यात जमीन गुरगुरली.

आधी काही नाही. कसलीही सूचना नाही. गुरगुर, आणि तिच्या पाठोपाठ सरळ धक्का, टेबलाचे चारी पाय एकदम उचलून आपटल्यासारखा. पत्रे खणखणले. कपाटावरचे गठ्ठे खाली आले. चिरेतून पांढरी धूळ सरसर गळाली आणि काचेची पट्टी तडकन तुटून पडली. दर्शन स्क्रीन छातीशी धरून बाहेर पळाला. गिऱ्हाइकाचा माल होता, आणि तो हातात आहे हे बहुधा त्याला कळलंही नव्हतं.

सरलाबाई बाहेर आल्या तेव्हा आठवीचा वर्ग दारातून ओतला जात होता. डोक्यावर दप्तरं धरून, खाली वाकून मुलं धावत होती. या भागातल्या मुलांना हे शिकवावं लागत नाही. सरलाबाई त्या लोंढ्याच्या उलट्या दिशेने घुसल्या. कोपरं लागली, कोणाचं दप्तर तोंडावर बसलं. त्या चेहरे पाहत होत्या. हा नाही. ही नाही. ही सोनलच्या शेजारची. तिच्या पाठोपाठ कोणी आलं नाही.

वर्ग रिकामा झाला होता. जमीन अजून थरथरत होती, वहीवर ठेवलेलं पेन आपोआप घरंगळावं एवढी. भिंतीला टेकलेल्या बाकावर सोनल बसली होती. केसांत चुना, वहीवर चुना. भिंतीचा एक मोठा पोपडा तिच्या पायाशी फुटून पडला होता. ती घाबरलेली नव्हती. दाराकडे बघत, हात मांडीवर ठेवून, शहाण्या मुलीसारखी वाट पाहत बसली होती.

"तू आली नव्हतीस," ती म्हणाली. "म्हटलं, हा खरा नसेल."

सरलाबाईंनी तिला दंडाला धरून उचललं, ओढत बाहेर नेलं, आणि मैदानाच्या मधोमध पोचेपर्यंत सोडलं नाही. तिथे दशरथ सर रांगा लावून मुलं मोजत होते. शिक्षक मोबाइल काढून हा केवढ्याचा होता ते शोधत होते. सोनल दंड चोळत होती. पाचही बोटं उठली होती.

दर्शन एकटाच बाजूला आंब्याखाली उभा होता, स्क्रीन अजून पोटाशी. सरलाबाई त्याच्याकडे गेल्या. तो हलक्या आवाजात म्हणाला, "बोला बेन. तसाच जोडून देऊ?"

"नको. पक्का करा," सरलाबाई म्हणाल्या. "पुन्हा सुटणार नाही असा."

सरलाबाईंनी आतून उरलेला कॉम्प्युटर आणि त्याची सॅक आणून दिली, आणि त्याने तिथेच, आंब्याखाली, व्हरांड्यातून वायर ओढून टाका मारला. आत जायला तो तयार नव्हता आणि कोणी त्याला आग्रहही केला नाही. तेवढ्या वेळात सरलाबाईंनी सोनलला समोर उभं केलं. यापुढे मी बोलवायला येणार नाही, त्या म्हणाल्या. आवाज आला की उठायचं आणि पळायचं. कोणाची वाट बघायची नाही. माझी तर नाहीच.

"पण तुला आधी कळतं ना?"

"मला काही कळत नव्हतं, सोनल."

सोनलने आईकडे पाहिलं. मग शाळेकडे, मग पायाखालच्या मातीकडे. इतक्या महिन्यांत सरलाबाईंनी तिच्या तोंडावर पहिल्यांदा भीती पाहिली. त्यांनी तिला जवळ घेतलं नाही. भीती नीट बसू दे, असं त्यांना वाटलं, आणि असं वाटल्याचं त्यांना फार वाईट वाटलं.

कॉम्प्युटर छान चालू लागला. हजेरी वेळेत भरली जाऊ लागली, सरांनी दर्शनची तारीफ केली. टेबलावर मूठ आपटा, खुर्ची आपटा, डंपर जाऊ दे, स्क्रीन ढिम्म. भिंतीला नवी काच आली.

पुढचा धक्का भरदुपारी आला. गुरगुर सुरू झाली तेव्हा सरलाबाई स्क्रीनकडे पाहत होत्या. ती उजळ होती. चौकोनात कर्सर उघडझाप करत होता. सरलाबाईंना कान होते, त्यांना ऐकू येत होतं, खुर्ची खालून ढुशा देत होती, पण स्क्रीन काळी झाली नव्हती, आणि त्यांचे पाय ती काळी व्हायची वाट बघत थांबले होते. पलीकडे बाक सरकल्याचे आवाज आले, धावणारी पावलं आली. चला, ती निघाली असेल, असं त्यांच्या मनात आलं, आणि तरी त्या बसूनच होत्या.

"आई."

सोनल कार्यालयाच्या दारात उभी होती. मैदानात नाही, इथे, चौकटीखाली. तिच्यामागून सगळा वर्ग पायऱ्या उतरून चालला होता. तिच्या डोक्यावर दप्तर नव्हतं. वरून चुना गळत होता आणि तिने दोन्ही हात आईकडे लांब केले होते.

"ऊठ ना, आई. खरा आहे."