मानाची चढाई

सत्तेचाळीसच्या माघात कुंभिवलीच्या हुतूतूच्या संघाला ‘पुढे चाल’ मिळाली आणि गावाने नारळ फोडला. आता ह्या गावाला काय म्हणावं! कर्जतला दर रविवारी सामन्यांची एक फेरी व्हायची. संघ विषम निघाले, चिठ्ठी टाकली, आणि कुंभिवलीला न खेळताच पुढच्या फेरीत घेतलं. पुढे चाल म्हणजे एवढंच, एक रविवार घरी बसा. पण निरोप घेऊन आलेल्याने वेशीवर ‘आपण पुढं गेलो’ एवढंच सांगितलं, आणि पुढचं कोण ऐकतोय? ढोल निघाला, गुलाल निघाला.

संघाचा कप्तान भिवाजी तेव्हा शेतात बांध घालत होता. पस्तिशीचा गडी, गाडीवर माल वाहणारा, आणि तोंड असं की बैलांनीसुद्धा मान खाली घालावी. ढोल ऐकून तो तसाच मातीच्या पायांनी देवळापाशी आला.

“कशाचा गुलाल रं? कुणाला पाडलंत? झोपल्या माणसाला उचलून कुणी माळ्यावर ठेवला, तर तो काय डोंगर चढला व्हय?”

ढोल थांबला. लोक आपापल्या घरी गेले, आणि जाताना ह्याला कसलंच सुख सोसत नाही म्हणून पुटपुटले.

सोसणार कसं? तीन वर्षं ओळीने कर्जतच्या संघाने त्यांना लोळवलं होतं, आणि पुढच्या रविवारी गाठ पडायची ती कर्जतशीच. ह्या वर्षी ढाल आणली नाही तर कप्तानकी सोडीन, असं भिवाजी साऱ्या खालापूर तालुक्यात सांगून बसला होता. आणि पहिल्या फेरीत काय दिवे लावले? समोरच्या कशेळ्याच्या संघाचे दोन गडी तापाने फणफणलेले, तरी कुंभिवली जिंकली फक्त एका गुणाने. आठ दिवस मिळालेत तर संघाची भोकं बुजवावीत, का गुलाल उधळावा?

सगळ्यांत मोठं भोक त्याला ठाऊक होतं, गावालाही ठाऊक होतं, पण बोलायचं कुणी? गावात होळीचा पहिला नारळ पाटलाच्या घरचा. पालखीला पहिला खांदा पाटलाच्या घरचा. म्हणून हुतूतूची पहिली चढाईसुद्धा पाटलाच्याच घरची. बापजाद्यांपासून असंच. सध्या हा मान पाटलाचा मुलगा येसाजी याच्याकडे होता. येसाजी हाडापेराने दणकट, पकडीला पक्का, पण दम म्हणाल तर फुटक्या भात्याचा. मध्यरेषा ओलांडून चार पावलं टाकली की ‘हुतूतू’ची ‘हू’ व्हायची, समोरचे झडप घालायचे आणि कुंभिवलीचा एक गडी सामना सुरू होतो न होतो तोच बाहेर. जगात कुठला संघ आपला गडी मानाने देऊन टाकतो?

भिवाजी थेट पाटलाच्या ओटीवर गेला. बसला नाही.

“पाटील, रविवारी पहिली चढाई येसाजीची नाय.”

पाटील पान लावत होते. “मग कुणाची?”

“गोमाची.”

गोमा म्हणजे वरच्या ठाकरवाडीचा पंचविशीचा गडी. मोळी घेऊन गावात यायचा. डोक्यावर दीड मण लाकूड आणि चढ चढता चढता गाणं म्हणायचा, एकदाही न थांबता. तो दम भिवाजीने हेरून ठेवला होता.

“ठाकर? आमच्या घरचा मान ठाकराला?”

“खेळात मान नसतो पाटील, गुण असतो. तुमचा मान तीन वर्षं आमाला पुरतोय. येसाजी खेळंल, पण मधी, साखळीत. नसंल जमत तर शोधा दुसरा कप्तान.”

पाटलांनी पान तोंडात टाकलं. “बरं,” ते म्हणाले. “गुणावर बघायचं ना? मग सगळ्यांचंच बघ, भिवा.”

सोमवारपासून खळ्यावर सराव सुरू झाला. भिवाजीने कुणाला श्वास घेऊ दिला नाही. टेकडी चढायची ती ‘हुतूतू’ म्हणत, जो थांबेल त्याने परत खालून यायचं. येसाजी मुकाट्याने साखळीत उभा राहिला. दोन दिवस त्याचं तोंड चढलेलं होतं, तिसऱ्या दिवशी त्याने संघातल्या वाल्मिकाला असा पकडला की वाल्मिक हसायला लागला. गोमा तर काय, पाखरासारखा यायचा, शिवून जायचा, दम तसाच. भिवाजी खूश व्हायला हवा होता.

पण एक गोष्ट त्याच्या डोक्यात जात होती. गोमा दर वेळी उजव्या कोपऱ्यातूनच निसटायचा. उजवा कोपरा म्हणजे भिवाजीचा स्वतःचा. हे शेजारच्यामुळे होतंय, असं त्याने ठरवून टाकलं. मंगळवारी त्याने वाल्मिकाला शिव्या घालून शेजारून काढलं आणि हिरूला आणलं. बुधवारी हिरूचा उद्धार केला. गुरुवारी पोशाला उभा केला आणि त्याच्या बापालाही सोडलं नाही. नाचता येईना, अंगण वाकडं, आणि इथे तर रोज नवं अंगण आणत होता.

शुक्रवारी गोमा सातव्यांदा सुटला तेव्हा भिवाजी त्याच्या अंगावर धावून गेला. “सांग रं, कुठनं सुटतोस? कोण ढिला पडतोय?”

गोमाने खाली बघितलं.

“बोल की! दातखीळ बसली काय?”

“तुमीच, दादा,” गोमा म्हणाला. “तुमचा उजवा गुडघा वळत नाय. तुमी वाकताय तवर मी पार. कर्जतवाल्यांना बी ह्ये ठावं असंल.”

हिरू, पोशा, वाल्मिक, सगळे भलतीकडे बघत होते, आणि त्या बघण्यानेच भिवाजीला कळलं की हे सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“काल डोंगरावरनं आला आन् मला खेळ शिकवतो? नीघ. परत खळ्यावर पाय ठेवलास तर बघ.”

गोमाने मोळीची दोरी उचलली आणि गेला. बाकीचेही पांगले.

घरी आनंदीबाईने नेहमीप्रमाणे तेल कोमट केलं. वर्षभर रोज संध्याकाळी ती नवऱ्याचा गुडघा चोळत होती, आणि ही गोष्ट घराबाहेर गेली नव्हती. भिवाजी तिच्यासमोर गोमाला, पाटलाला, सगळ्या संघाला शिव्या देत राहिला. तिने ऐकून घेतलं.

“साऱ्या गावाचा मान काढलात,” ती म्हणाली. “तुमचाच तेवढा ऱ्हायला.”

“तू गप बस.”

“मी गपच होते वर्षभर. ह्यो गुडघा काय माज्या माहेरचा हाय, म्हून झाकून ठेवू?”

तो जेवला नाही. पण शनिवारी सकाळी ठाकरवाडीची चढण चढला, तीनदा बसत, बसल्या जागी शिव्या देत. गोमा लाकूड फोडत होता.

“उद्या पहाटे गाडी निघंल. ये,” भिवाजी म्हणाला.

“तुमी त्या कोपऱ्यात असाल तर हरू, दादा. मग आज शिव्या देताय तशा उद्या बी मलाच द्याल.”

भिवाजीने त्याच्याकडे असं बघितलं की दुसरा कुणी असता तर कुऱ्हाड टाकून पळाला असता. “ये म्हटलं ना,” तो म्हणाला, आणि उतरायला लागला.

रविवारी कर्जतच्या मैदानात माणसं मावेनात. पंचांनी नावं विचारली. भिवाजीने ती एकेक सांगितली. पहिली चढाई गोमा. उजवा कोपरा म्हणाला आणि गुडघ्यावर हात ठेवून राहिला, पंचांनी पुन्हा विचारलं.

“येसाजी,” तो म्हणाला. “मी नाय खेळत.”

येसाजी त्याच्याकडे बघतच राहिला. भिवाजी रेषेबाहेर गेला. तिथे पाटील सतरंजीवर बसले होते. त्यांनी जरा सरकून जागा केली. त्याहून दोन शिव्या दिल्या असत्या तर भिवाजीला बरं वाटलं असतं.

गोमाने पहिल्याच चढाईत दोन गडी मारले. आता कर्जतचा चढाईवाला आला, तीन वर्षं त्यांना रडवणारा. तो सरळ उजव्या कोपऱ्याकडेच गेला. गोमा म्हणाला तसंच, त्यांना ठाऊक होतं. त्याने एक हूल दिली आणि वळला. येसाजी खाली गेला, दोन्ही हातांनी त्याचा घोटा धरला आणि अंग टाकलं. बाकीची साखळी वर कोसळली. दम तुटला. कुंभिवलीची माणसं नाचायला लागली, पाटलांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी भिवाजीचा खांदा धरून गदागदा हलवला.

“बघितलंस, भिवा? धरला! तूच उभा केलास त्याला तिथं!”

भिवाजी मान हलवत राहिला. येसाजीचे हात घोट्यापर्यंत पोचायच्या आत, तेवढ्या अर्ध्या पळात, त्याच्या मनात काय आलं होतं ते पाटलांना कळणं शक्य नव्हतं. सुटावा, असं आलं होतं. तीन वर्षं जिच्यासाठी जीव काढला ती ढाल गेली तरी चालेल, पण हा गडी येसाजीच्या हातून सुटावा.