डावीकडचं विमान

राजाजीनगरातल्या त्या घरात जेवणाच्या टेबलावर पाडव्यापासून कुणी जेवलं नव्हतं. टेबलावर विमान होतं.

विमान म्हणजे अजून तरी फोमच्या शीटा, दोन पंख, एक शेपूट आणि चहूकडे उडालेला पांढरा भुगा. तो भुगा पुष्पाक्कांना डाळीत सापडायचा, देवघरात सापडायचा, एकदा तर त्यांच्या अंबाड्यात सापडला. "इतकी वर्षं लोखंडाचा कीस झाडला, आता हा झाडते," असं त्या येईल त्याला सांगत. पण सांगताना रागापेक्षा सुटकेचा सूरच जास्त असायचा, हे ऐकणाऱ्यालाही कळे. कारण पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतलं लेथचं वर्कशॉप पुतण्याच्या हवाली केल्यापासून त्यांचे यजमान, कृष्णाजीराव, दिवसभर गॅलरीत बसून रस्त्यावरच्या रिक्षा बघत असायचे. पन्नास माणसांत वावरलेला माणूस असा गप्प बसला की घर खायला उठतं.

मग वरच्या मजल्यावर त्रिविक्रम भाड्याने राहायला आला. नागपूरचा पोरगा, कंपनीत कॉम्प्युटरवर काम करायचा आणि सुट्टीच्या दिवशी फोमची विमानं बनवून रिमोटवर उडवायचा. एकदा गच्चीवर पंख चिकटवताना त्याला दोन हात कमी पडत होते. कृष्णाजीरावांनी पंख धरला, आणि ते जेवायच्या वेळेपर्यंत खाली आलेच नाहीत. पुढे त्याने त्यांना एका साध्या शिकाऊ विमानावर उडवायला शिकवलं. ते शिकाऊ विमान तीनदा आपटलं, तीनदा चिकटलं. त्यानंतर कृष्णाजीरावांनी जाहीर केलं, "आता मारुत करायचं."

मारुत म्हणजे याच गावात बनलेलं लढाऊ विमान. शाळेत असताना त्यांनी ते मैदानावरून उडत जाताना पाहिलं होतं. आधी विमान दिसेल की आधी आवाज येईल, यावर पोरांच्या पैजा लागायच्या. कस्तुरबा रोडच्या म्युझियममध्ये एक मारुत उभं आहे, तिथे जाऊन दोघांनी त्याचे फोटो काढले, मापं काढली. मग कटर चालले, डिंकाची गन तापली, पोटात मोटर बसली, शेपटीच्या पुढे पंखा बसला. रुपेरी रंग झाला, तिरंगी चक्रं झाली. उत्साह असा, की बासष्ट वर्षांचा नवरा बोहल्यावर चढतोय असं वाटावं.

"पुष्पा, पहिल्या उड्डाणाला तू यायचंच," कृष्णाजीराव म्हणाले.

"मी येऊन काय करू? मला त्यातलं काय कळतं?"

"स्वल्प बघायचं. वर बघायला काय कळावं लागतं?"

रविवारी सकाळी त्रिविक्रमच्या गाडीतून तिघं निघाली. मागच्या सीटवर पुष्पाक्का, त्यांच्या मांडीवर मारुतचं धड, पायाशी चित्रान्नाचा, म्हणजे लिंबू पिळलेल्या फोडणीच्या भाताचा डबा. आनेकलच्या पुढे एक तळं आहे, पावसाळा सोडला तर कोरडंच. तळाची माती भेगाळलेली, काठाला बाभळी, लांबवर एक धनगर आणि त्याच्या शेळ्या. आभाळ स्वच्छ होतं.

पुष्पाक्कांनी विमानाच्या नाकाला कुंकू लावलं. कृष्णाजीरावांनी रिमोटचा पट्टा गळ्यात अडकवला. त्या खोक्याला दोन काठ्या होत्या. डाव्या काठीने वेग, उजवीने वर-खाली आणि वळणं, एवढं पुष्पाक्कांना ऐकून ऐकून पाठ झालं होतं.

"तयार, काकाजी?" त्रिविक्रमने विमान डोक्यावर धरलं.

"सोड!"

त्रिविक्रमने धावत जाऊन ते फेकलं. क्षणभर ते खाली झुकलं, आणि मग मोटर किंचाळली आणि रुपेरी मारुत तळ्यावरून सरसर वर चढलं. टेबलावर आडवं पडलेलं ते धूड वर गेल्यावर खरंच लढाऊ विमान दिसत होतं. पुष्पाक्कांनी नकळत टाळ्या वाजवल्या. कृष्णाजीराव हसले, बायकोकडे एकदा बघून घेतलं, आणि विमानाला एक मोठा वळसा घालायला लावला. मग दुसरा. तिसऱ्यांदा ते डोक्यावरून गेलं तेव्हा त्रिविक्रम ओरडला, "एक नंबर, काकाजी! आता डावीकडून वळवून आणा."

विमान डावीकडे गेलं. कृष्णाजीराव उजवीकडेच बघत राहिले.

"काकाजी, वळवा!"

"कुठंय ते?"

"अहो, डावीकडे!"

"नाही रे, इथंच होतं," असं म्हणून ते आणखी उजवीकडे वळले. विमान तिकडे पूर्ण वेगात शेळ्यांच्या दिशेने निघालं होतं. धनगर उठून उभा राहिला.

"डावीकडे म्हणतोय ना! वेग कमी करा, डावी काठी खाली घ्या!" त्रिविक्रमचा आवाज चढला.

"घेतलीय की खाली."

"कुठं घेतलीय? मोटर फुल चालू आहे! बाप रे, सिग्नल गेला वाटतं. काय करता राव काकाजी, बघा ना तिकडे!"

त्रिविक्रमची नजर आभाळाला चिकटली होती. धनगरही वरच बघत होता. पुष्पाक्कांना आभाळातलं काही कळेना. घरात कुणाचं कुणाशी वाजलं की त्या नवऱ्याच्या तोंडाकडे बघत, तशा आताही बघायला लागल्या.



कृष्णाजीरावांचा डावा हात काठीवर नव्हताच. तो खांद्यापासून खाली लोंबत होता, बोटं उघडी. रिमोट फक्त गळ्यातल्या पट्ट्याने आणि उजव्या हाताने धरलेला. तोंडाचा डावा कोपरा खाली ओघळला होता आणि तिथून लाळेची एक तार शर्टावर आली होती. डाव्या पायातली चप्पल निसटून मागे राहिली होती, आणि त्यांना पत्ता नव्हता.

"अहो," पुष्पाक्का कशाबशा म्हणाल्या, "डावा हात कुठाय तुमचा?"

"हा काय, काठीवर," कृष्णाजीराव म्हणाले.

ते थट्टा करत नव्हते. खोटंही बोलत नव्हते. चाळीस वर्षांचा संसार केलेल्या बाईला एवढं कळतं. त्यांना खरंच वाटत होतं की हात काठीवर आहे. पुष्पाक्कांना त्या लोंबत्या हाताची जेवढी भीती वाटली नाही, तेवढी त्या शांत उत्तराची वाटली. त्या ओरडल्या त्या भलत्याच पट्टीत.

"त्रिविक्रम! अरे, विमानाला काही नाही झालेलं. यांना झालंय!"

त्रिविक्रमने मान वळवली. एका उडीत येऊन त्याने रिमोटची डावी काठी खाली ओढली. दूर कुठेतरी मोटरचा आवाज तुटला. विमान बाभळींच्या मागे गेलं. ते कुठे पडलं हे कुणीच बघितलं नाही, कारण त्याच वेळी कृष्णाजीरावांचा डावा गुडघा दुमडला आणि ते भिंत कलावी तसे कलले.

दोघांनी त्यांना धरलं. धनगर धावत आला, त्याने कन्नडमध्ये काय झालं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता त्यांचे पाय उचलले.

गाडी सुटली. मागच्या सीटवर कृष्णाजीरावांचं डोकं पुष्पाक्कांच्या खांद्यावर होतं आणि ते संतापले होते. जीभ जड झाली होती, पण शब्द कळत होते.

"विमान टाकून कुठं चाललाय? वेड लागलंय तुम्हा दोघांना? मला काही झालेलं नाही."

"सरी, सरी. बरं, काही झालेलं नाही," पुष्पाक्का म्हणत राहिल्या.

आनेकलला औषधाच्या दुकानासमोर त्रिविक्रमने गाडी तशीच चालू ठेवून आरोळी मारली. दुकानदाराने खिडकीतून एकदा आत बघितलं आणि म्हणाला, इथं थांबूच नका, मेंदूचा स्कॅन होतो तिथं जा, होसूर रोडला. त्रिविक्रम हॉर्नवरचा हात काढत नव्हता. "मी ओरडलो त्यांच्यावर, काकू," तो म्हणत होता. "मी त्यांच्यावरच ओरडलो हो."

"तू रस्त्याकडे बघ."

थोड्या वेळाने कृष्णाजीरावांनी खाली बघितलं. पुष्पाक्कांनी त्यांचा डावा हात आपल्या मांडीवर दोन्ही हातांत घट्ट धरला होता. त्या हाताकडे ते परक्या माणसाकडे बघावं तसे बघत राहिले. भुवया आकसल्या.

"हा कुणाचा हात आहे गं?"

पुष्पाक्कांनी ऐकलं, पण ते डोक्यात शिरायला वेळ लागला.

"कुणाचा आहे? बाजूला कर तो. जड लागतोय मला."

त्या बोटांना लेथवरच्या कामाचे जुने घट्टे होते. अंगठ्याच्या नखाखाली मारुतचा रुपेरी रंग अजून होता. हा हात कुणाचा आहे म्हणून सांगायचं, आणि कसं सांगायचं?

"माझा आहे," त्या म्हणाल्या. "राहू दे. मला गार वाटतंय."

"मग ठीक आहे," कृष्णाजीराव म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

हॉस्पिटलात स्ट्रेचर आत गेलं. दिव्यश्री नावाची तरुण डॉक्टर धावत बाहेर आली. "हे सुरू कधी झालं? नक्की कधी? त्यावर इंजेक्शन देता येईल की नाही ते ठरतं."

त्रिविक्रम चाचरायला लागला. सकाळी गाडीत ठीक होते, नाश्त्याला ठीक होते, मग... तेवढ्यात पुष्पाक्का बोलल्या.

"विमान वर गेलं तेव्हा यांना दोन्ही हात होते. खाली आलं तेव्हा एकच होता."

"म्हणजे?" डॉक्टरने विचारलं. मग त्रिविक्रमने भराभर सगळं सांगितलं, बॅटरी किती वेळ चालते, फेऱ्या किती झाल्या, आणि तिला हवी ती वेळ मिळाली. ती आत पळाली. मेंदूच्या उजव्या भागात रक्ताची गुठळी अडकली होती. इंजेक्शन वेळेत गेलं.

दुपारी तिने येऊन सांगितलं की जीव वाचला आहे, पाय हलतोय, हात बघू. आणखीही एक गोष्ट सांगितली. डोळे चांगले आहेत, पण डावी बाजू म्हणून काही असतं हेच मेंदू सध्या विसरला आहे. तुम्ही डावीकडे उभ्या राहिलात तर त्यांच्या लेखी तुम्ही नाही.

पुष्पाक्कांनी मान हलवली. पण ते खरं काय असतं, ते घरी आल्यावर कळलं. कृष्णाजीराव काठी घेऊन चालायला लागले, आणि डावा खांदा प्रत्येक दाराच्या चौकटीला आपटू लागला. दाढी केली ती उजव्या गालाची. पुष्पाक्का डाव्या बाजूला बसून बोलल्या तर ते उजवीकडच्या रिकाम्या खुर्चीला उत्तर देत. त्या दिवसाचं त्यांना पुरतं आठवत नव्हतं. विमान वर चढलं इथवर आठवायचं, त्यापुढे हॉस्पिटलचा पंखा. त्या हाताबद्दल त्यांनी जे विचारलं होतं, ते पुष्पाक्कांनी त्यांना सांगितलं नाही. त्रिविक्रमलाही शपथ घातली.

त्रिविक्रम जिना चढताना आवाज न करता जायचा. पुढच्या रविवारी तो एकटाच तळ्यावर जाऊन आला होता. विमान काही मिळालं नाही. बाभळीच्या काट्यांत रुपेरी फोमचा एक तुकडा तेवढा अडकला होता. तो त्याने खिशात घालून आणला आणि तसाच ठेवला. पुष्पाक्कांनीच एकदा त्याला जिन्यात गाठलं. "अरे, तुझ्यामुळे झालं नाही हे. घरी एकटे गॅलरीत बसलेले असते, तर कुणाला कधी कळलं असतं सांग? वर बसून राहतोस काय? ये, जेवायला ये."

तर त्या दिवशी तिघं टेबलावर जेवायला बसली. पुष्पाक्कांनी रीतसर ताट वाढलं होतं. डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर; उजवीकडे भाजी, मधे भात. हॉस्पिटलातून आल्यापासून रोज तेच व्हायचं. कृष्णाजीराव उजवा अर्धा भाग चाटूनपुसून संपवत, आणि मग तक्रार करत, "आज चटणी केली नाहीस?" पुष्पाक्का उठत, ताट फिरवत, आणि उरलेलं अर्धं जेवण त्यांच्यासमोर आणत. ताट रेघ मारल्यासारखं निम्मं कापलेलं दिसायचं.

त्रिविक्रमने ते पहिल्यांदा बघितलं. त्याचा घास हातातच राहिला. तो काहीतरी बोलणार होता, पुष्पाक्कांनी डोळ्यांनीच त्याला थांबवलं.

कृष्णाजीरावांनी भाजी संपवली. भात निम्मा संपवला. मग थांबले. पुष्पाक्का ताट फिरवायला हात पुढे करणार, तोच त्यांनी मान वळवली. हळूहळू, जड फाटक लोटावं तशी, डावीकडे. डॉक्टरीणबाईंनी रोज करायला सांगितलेला तो व्यायाम असेल, नाहीतर वास आला असेल. नजर ताटाच्या कडेपर्यंत गेली आणि तिथे अडकली.

"अगं, आज चटणी आहे की," ते म्हणाले. "आणि कोशिंबीरही केलीस?"

त्यांनी उजवा हात आडवा नेऊन चटणीचं बोट चाटलं. मग नजर आणखी थोडी वळली, ताटाच्या पलीकडे, आणि तिथे बसलेल्या बायकोवर येऊन थांबली.

"आणि तू इथं बसलीस होय?"

पुष्पाक्का "आले हं" म्हणून उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. तळ्यावर त्या रडल्या नव्हत्या, गाडीत नाही, हॉस्पिटलातही नाही. आता मात्र त्या ओट्याखाली फरशीवरच बसल्या आणि पदरात तोंड घालून रडायला लागल्या. त्रिविक्रम मागून धावत आला.

"काकू, काय झालं? पाणी देऊ?"

बाहेरून कृष्णाजीरावांचा आवाज आला, थोडा जड, पण खणखणीत.

"पुष्पा, ये की. चटणी आणखी स्वल्प वाढ."