खुर्चीच्या हातासाठी गोंद

सासऱ्यांच्या खुर्चीत दुसऱ्या कोणी बसायचं नाही, हे जावयाला लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. तरी ते फिरायला गेल्यावर तो बसला, ऐटीत रेलला, आणि कडाड! हिरव्या प्लॅस्टिकच्या खुर्चीचा उजवा हात मांडीवर आला.

सासूबाई धावत आल्या. जावयाची पाचावर धारण बसली होती.

"तासभर येत नाहीत ते. गोंद आणा," त्या म्हणाल्या.

हार्डवेअरवाल्यानं खुर्चीचा टवका पाण्याच्या ग्लासात टाकला. तो निवांत तरंगला.

"तरंगणाऱ्या प्लॅस्टिकला झटपट गोंद धरत नाही. ही दोन बाटल्यांची जोडी न्या. एकीतलं आधी लावायचं, मग दुसरीतला गोंद."

जावयानं धास्तीपोटी दोन्ही प्रकार आणले. सासूबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे झटपटवाला नुसता दिसायला चिकटतो?"

"हो ना."

"मग तोच द्या इकडं. बारा वर्षं ह्या हिरव्या धुडानं माझी खिडकी अडवलीय. त्यांच्याच हातून मोडू दे, म्हणजे तोंड उघडणार नाहीत."

त्यांनी हात असा बेमालूम बसवला की जावई बघतच राहिला. बाटल्यांची जोडी त्यानं खिशात दडवली.

सासरे आले, बसले. पेपर वाचून झाल्यावर उठायला म्हणून कोपर टेकलं आणि हात सुटून आला. त्यांनी डावीउजवीकडे पाहिलं, तो गुपचूप जागेवर टेकवला आणि जावयाला जवळ बोलावलं.

"जावईबापू, हिला कळू देऊ नका. माझ्या हातून मोडली. गोंदातलं काही कळतं का तुम्हाला?"

दाराआडून सासूबाई जोरजोरात नकाराची मान हलवत होत्या. पण सासऱ्यांचा चेहरा एवढासा झाला होता. जावयाला राहवेना. त्यानं खिशातून बाटल्या काढल्या.

"हा पक्का धरेल बाबा. फक्त खुर्ची मोकळ्या हवेत ठेवायची. गॅलरीत."

"किती वेळ?"

जावयानं दाराकडे पाहिलं. सासूबाईंची मान थांबली होती.

"पूर्ण मुरायला... चार-सहा महिने."

सासऱ्यांनी स्वतः खुर्ची उचलून गॅलरीत नेली. संध्याकाळी सासूबाईंनी खिडकीत शिवणयंत्र मांडलं, तेव्हा ते आतबाहेर घुटमळले, दोनदा घसा खाकरला आणि म्हणाले, "उजेड छान येतो नाही इथं?"