तो मेला शिंपी

गादीवाल्याला सिनेमे आवडत नव्हते असं नाही. त्याला ते संपलेले आवडत. पडदा पांढरा झाला, दिवे लागले की त्याला ताजंतवानं वाटे.

याला कारण त्याची नोकरी. गाद्यांच्या दुकानात काचेमागे एक पलंग मांडलेला होता आणि त्यावर झोपून दाखवणं हे त्याचं काम होतं. रस्त्यावरून जाणारी माणसं थांबत, त्याच्याकडे बघत, आणि हा खरोखरच झोपलाय अशी खात्री पटली की आत येऊन भाव विचारत. घोरणं दुकानाच्या नियमात बसत नव्हतं, म्हणून तो घोरत नसे. पाच वर्षांत त्याचा हात, म्हणजे पाठ, इतकी बसली की बुडाखाली काही मऊ आलं की डोळे आपोआप मिटत.

धाकटीच्या घरातला सोफा फार मऊ होता.

धाकटी ही त्याची होणारी बायको. होणारी की न होणारी, हे त्या रविवारी ठरायचं होतं. तिचे बाबा कवळ्या बनवत. दिवसभर दुसऱ्यांच्या दातांत डोकं घालून ते कंटाळत आणि रविवारी दुपारी पडदे ओढून घरच्यांना दोन सिनेमे दाखवत, एक जुना, एक नवा. मग चहा. मग प्रत्येकानं आपलं मत सांगायचं. आधीचा एक मुलगा ‘ठीक होता’ एवढंच म्हणाला, तेव्हा बाबांनी त्याला बिस्किटं बांधून दिली आणि निरोप दिला.

“ज्याला मतच नाही,” बाबा म्हणत, “त्याच्याशी माझी मुलगी जन्मभर बोलणार काय? भाजीत मीठ कमी आहे, एवढंच?”

त्या दिवशी जुना सिनेमा होता ‘न्यायाधीशाचा कोट’ आणि नवा ‘एक मोटार, तीन मालक’. गादीवाला मागच्या सोफ्यावर बसला. पहिल्या सिनेमाची नावं संपेपर्यंत तो जागा होता, हे त्याला पक्कं आठवत होतं. नंतरचं आठवलं ते एकदम दिवे लागल्यावरचं.

“चहा होऊ दे, मग बोलू,” बाबा हात चोळत म्हणाले. “आज पाहुण्यांपासून सुरुवात.”

धाकटीनं त्याच्याकडे विश्वासानं पाहिलं. त्या नजरेनं त्याची उरलीसुरली झोप उडाली.

तो उठून स्वयंपाकघरात गेला. तिथं धाकटीची मावशी कपाटांची दारं आपटत होती.

“माझ्या त्या मेल्या बहिणीनं चहाचा डबा कुठं ठेवलाय, देव जाणे,” ती म्हणाली.

गादीवाला थबकला. मावशीची बहीण म्हणजे धाकटीची आई. आई कामावर गेलीय, असं धाकटी सकाळी म्हणाली होती. ‘गेलीय’ या शब्दाकडे आपण नीट लक्ष द्यायला हवं होतं, असं त्याला आता वाटलं.

इथं एक सांगायला हवं. तो वाढला वडील, आजोबा आणि दोन भावांत. त्या घरात शिव्यांना तोटा नव्हता, पण त्या सगळ्या पुरुषी, धडधाकट शिव्या होत्या. ‘मेला’ हा शब्द तिथं कोणी मेलं तरच निघे.

“मला कल्पना नव्हती, मावशी,” तो हळू आवाजात म्हणाला. “फार वाईट वाटलं.”

“वाईट मलाही वाटतं रे. किती वर्षं सांगतेय तिला, डबा जागच्या जागी ठेव म्हणून.”

“अजूनही सांगता?”

“रोज. ऐकते कुठं.”

त्याला गलबलून आलं. पण वेळ कमी होता. त्यानं मटारच्या शेंगा पुढ्यात ओढल्या, दोन सोलल्या आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, “मावशी, तुम्हाला काय वाटलं त्या कोटवाल्या सिनेमाचं? थोडक्यात, सुरुवातीपासून.”

मावशीला एवढंच हवं होतं.

“अरे, काय सांगू. तो मेला शिंपी सकाळी दुकान उघडतो.”

“मेला, आणि मग उघडतो?”

“उघडणारच. पोट नाही का त्याला? मग तो मेला न्यायाधीश येतो कोट शिवायला. माप घेताना दोघं मेले एकमेकांकडे बघतसुद्धा नाहीत. आणि ती मेली शिंप्याची बायको दाराआडून सगळं ऐकते.”

“तीसुद्धा?”

“ती तर सगळ्यांत आधी.”

त्यानं बोटांवर मोजून पाहिलं. तिघं. “आणि दुसरा? तो तर विनोदी होता ना?”

“कसला विनोदी. ते दोन मेले भाऊ एकच मोटार तिघांना विकतात. मोटार मेली सुरूच होत नाही. त्यातल्या त्यात कुत्रं मेलं शहाणं.”

“म्हणजे सगळेच?”

“सगळेच मेले,” मावशीनं निकाल दिला. “धड म्हणून एक नाही त्यात.”

तो चहाचा ट्रे घेऊन बाहेर आला तेव्हा त्याचं डोकं भणभणत होतं. मेलेली माणसं दुकान उघडतात, कोट शिवतात, मोटार विकतात, आणि त्यावर लोक हसतात. पण दोन्ही सिनेमे एकाच घरात, एकाच दुपारी दाखवले होते. त्यामागे बाबांचा काही हेतू असणार.

“बोला,” बाबा म्हणाले.

सोफ्यावर बसलो तर संपलो, हे ओळखून तो उभाच राहिला. “मला वाटतं,” तो म्हणाला, “या दोन्ही सिनेमांत कोणीच जिवंत नाही.”

बाबांचा कप बशीवर टेकता टेकता राहिला. “कोणीच?”

“कुत्रंसुद्धा.”

बाबांनी कप खाली ठेवला. तो कोटाचा सिनेमा त्यांनी लहानपणापासून कितीदा पाहिला होता, याचा हिशोब नव्हता. “शिंप्याच्या पुढ्यात ताट असतं,” ते पुटपुटले, “पण तो जेवत नाही. न्यायाधीश कोट घालून आरशासमोर उभा राहतो, आणि आरसा काही दाखवतच नाहीत.” ते धाकटीकडे वळले. “आणि ती मोटार. सुरू होत नाही, तरी ते सगळे समुद्रापाशी पोचतात. मी म्हणत होतो, दिग्दर्शकाची चूक आहे.”

“आणि त्यांना ते कळलेलं नसतं,” गादीवाला म्हणाला. आता त्याच्या बोलण्याला रंग चढला होता. “ते आपले रोजच्यासारखे कामाला जातात. घरी येतात. दार उघडून—”

दार उघडून धाकटीची आई आत आली.

गादीवाल्यानं सोफ्याची पाठ घट्ट धरली. खांद्यावर पिशवी, पायात चपला, सगळं अगदी नेहमीसारखं होतं. बाकीच्यांनी मानसुद्धा वर केली नाही. घराला सवय झाली असावी.

“हेच का ते?” आईनं विचारलं. “बसा ना.”

“नको,” तो म्हणाला. “तुम्ही… कशा आहात?”

“पाय दुखतात हो फार.”

“तिकडंसुद्धा?”

“तिकडंच जास्त.” आई औषधांच्या दुकानात कामाला होती. “दिवसभर उभं राहायचं.”

“तिकडं बसायला देत नाहीत?”

“खुर्ची मागितलीय मी. वर विचारून सांगतो म्हणाले.”

गादीवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढं करूनही तिकडं खुर्ची मिळत नसेल, तर माणसानं जावं तरी कुठं. बाबांनी ते पाणी पाहिलं. सिनेमावरून डोळे ओले झालेला माणूस या घरात आजवर आला नव्हता.

“मत आहे,” बाबा उठून उभे राहिले. “या मुलाला मत आहे. माझ्याकडून ठरलं.”

“माझं तर आधीच ठरलं होतं,” मावशी दारातून म्हणाली. “हा मेला मला पाहताक्षणी आवडला.”

गादीवाला शांतपणे सोफ्यावर टेकला आणि त्यानं डाव्या मनगटावर बोटं ठेवली. नाडी लागली. पण शिंप्यालाही लागत असणार.

जिना उतरताना धाकटीनं विचारलं, “तू आईशी असं काय बोलत होतास?” त्यानं सगळं सांगितलं. ती तिसऱ्या पायरीवर बसली आणि तोंडावर ओढणी धरून हलत राहिली. मग तिनं त्याला समजावलं, की मावशी दुधाला, शेजाऱ्यांना आणि पंख्यालाही मेला म्हणते, आणि ज्याला म्हणत नाही त्याच्याशी तिचं भांडण असतं.

“म्हणजे आई?”

“आठ वाजता जेवायला बसेल.”

“आणि शिंपी?”

“ठणठणीत. शेवटी नवं दुकान काढतो.”

गादीवाल्याला हायसं वाटलं, पण अर्धंच. इतका वेळ मेलेला माणूस एकदम नवं दुकान काढतो, हे त्याला नीट पटेना.

वरून बाबांचा आवाज आला. “पुढच्या रविवारी माझे दोघं मित्र येताहेत. कोटवालाच पुन्हा लावतो. ते तुमचं मत त्यांना सविस्तर ऐकवा. आणि तारीखही तेव्हाच काढू.”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“आता काय म्हणू?” त्यानं कुजबुजत विचारलं. “शिंपी जिवंत म्हटलं तर तारीख जाते. मेला म्हटलं तर खोटं.”

धाकटीनं थोडा विचार केला.

“मेलाच म्हण,” ती म्हणाली. “फक्त मावशीसारखं म्हण.”