जाड्या हवालदाराच्या पायांमधून

ओपल हास्केल नऊ वर्षांची झाली आणि त्याच आठवड्यात तिचं डोकं ग्रोगनच्या पायांमध्ये अडकलं.

ग्रोगन म्हणजे त्या विनोदी मूकपटांमधला जाड्या हवालदार आणि ओपल म्हणजे त्याला छळणारा टोपीवाला वांड पोरगा. ती मुलगी आहे हे प्रेक्षकांच्या गावीही नव्हतं. दर चित्रात हवालदार तिच्यामागे लागायचा, ती त्याच्या पायांमधून सटकायची आणि ओसरीच्या पायऱ्यांवरून खाली धुळीत कोलांटत जायची. एडनडेलमधल्या त्या चिमुकल्या स्टुडिओची चूल तीन वर्षं एवढ्यावरच पेटत होती.

त्या सोमवारी ती सटकली नाही, अडकली. ग्रोगन तोंडावर आपटला आणि सगळे पोट धरधरून हसले. दिग्दर्शक डन्फी तेवढा हसला नाही.

"ओपलबाई, घरी खायला काय घालतात तुला?"

"अहो, कॉफी पाजते मी तिला, सकाळ-संध्याकाळ," आई घाईघाईने म्हणाली. "कॉफीनं वाढ खुंटते म्हणतात ना. बुटांच्या टाचासुद्धा काढून टाकल्यात."

डन्फीचं लक्ष तिच्याकडे नव्हतंच. अंगणातल्या झाडाखाली ओपलचा पाच वर्षांचा भाऊ वेन्डेल संत्रं खात बसला होता. घरी सांभाळायला कुणी नसल्यामुळे आई त्याला रोज बरोबर आणायची.

"याला पडायला शिकव," डन्फी ओपलला म्हणाला. "तुझ्याइतकं छान कोण पडतं?"

आपली टोपी आता याच्या डोक्यावर जाणार, हे ओपलला कळलं. आईलाही कळलं असावं, पण ती पोराच्या तोंडावरचा रस पुसत राहिली. शेवटी हे घर तिलाच चालवायचं होतं.

दोन दिवस ओपलने शिकवलं. हनुवटी छातीशी, हात पोटाशी, श्वास सोडायचा, अंग ढिलं. वेन्डेलला सगळं जमे, फक्त पडताना हात पुढे जात. पहिल्यांदा तिने सांगितलं, दुसऱ्यांदाही सांगितलं. तिसऱ्यांदा तिने पाहिलं आणि गप्प बसली. जरा खरचटेल, भोकाड पसरेल, मग डन्फीच म्हणेल, नको हा रडका. असा पडला तर मनगट मोडतं, हे तिला ठाऊक नव्हतं असं मात्र नाही. पहिल्या वर्षी तिचं स्वतःचंच मोडलं होतं.

गुरुवारी वेन्डेलला ओपलचे कपडे चढवले. कॅमेऱ्याचा दांडा फिरू लागला. पोरगं हवालदाराच्या पायांमधून लोण्यातून सुरी जावी तसं निघून गेलं आणि ओसरीच्या कडेला येऊन थबकलं. त्याने मान वळवून ताईकडे पाहिलं.

"पळ, पोरा, पळ!" डन्फी ओरडला. वेन्डेल हलेना.

ओपलने ओठ घट्ट मिटले होते. आणखी दोन क्षण तो तसाच उभा राहिला असता तर डन्फीने दांडा थांबवला असता. पण मागून ग्रोगन धपधप येत होता. वेन्डेल घाबरला, पायरीवरून पाय निसटला, आणि दोन्ही हात सरळ पुढे झाले.

"हात आत घे!" ती किंचाळली. "वेन्डेल, हात आत!"

त्याने हात पोटाशी घेतले. चार पायऱ्या गडगडत तो धुळीत आला, उठला, आणि पुन्हा ताईकडे पाहून खुदकन हसला. अख्खा स्टुडिओ खिदळत सुटला.  ओपलला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याचा भयंकर राग आला.

"झकास!" डन्फी म्हणाला. "आता आणखी एकदा. ओपल, तू इथे माझ्याशेजारी उभी राहा आणि सांगत जा त्याला. हवं तेवढं ओरड, चित्रात कुठे ऐकू येतंय."

"ताई, मी नीट पडलो ना?" वेन्डेलने तिकडूनच विचारलं.

"हो," ओपल म्हणाली. "माझ्यासारखाच पडलास."

मग ती कॅमेऱ्याच्या मागे जाऊन उभी राहिली.